दुसऱ्या वाफ्यातलं पाणी

“माझ्या बांधकामात पाणी उभं राहत नाही, बाई. कुणालाही विचारा जाऊन. चाळीस वर्षांत एका मोरीत डबकं साचलं नाही की एका गच्चीला ओल धरली नाही. आणि तुम्ही सरळ नापास म्हणता?”

“मावशी, मी बांधकामाला नापास म्हणत नाहीये. पाण्याला म्हणतेय.”

“पाण्याला काय धाड भरलीय? हे बघा. पेल्यात धरलं तर पेला रिकामा वाटेल. वास घ्या. येतोय?”

“नाही येत.”

“मग?”

“नायट्रेटला वासच नसतो, मावशी. रंग नसतो, चव नसते. असती तर मला बाटल्या घेऊन दारोदार हिंडायला लागलं असतं का?”

पाण्याच्या ऑफिसातल्या बाईनं हातातला कागद पुढे धरला. पहिल्या नमुन्याला आकडा चोपन्न आला होता, आता दुसऱ्याला एक्कावन्न. हवा होता विसाच्या आत.

“आता एकच नमुना राहिला,” ती म्हणाली. “सगळं नकाशाप्रमाणेच केलंय ना?”

“कणभर इकडचं तिकडे नाही.”

हे खोटं होतं. पण त्या घडीला मावशीला ते खोटं वाटत नव्हतं, आणि सगळी गोम तिथंच आहे. आज ती स्वतःच हे चारचौघांत रंगवून सांगते, आणि सांगायच्या आधीच हसायला लागते. तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गावात तिला लेव्हलमावशी म्हणतात. गवंडीकाम तिच्याकडे आलं ते नवऱ्याकडून. आधी ती त्याच्या हाताखाली माल कालवायची, घमेली उचलायची. मग नवऱ्याची पाठ गेली, त्याचं परांचीवर चढणं बंद झालं, आणि थापी हिनं घेतली. पहिलं वर्षभर माणसं मुद्दाम बघायला यायची, बाईची भिंत वाकडी जाते का म्हणून. भिंती सरळच राहिल्या, बघणाऱ्यांच्या माना तेवढ्या वाकड्या झाल्या. तिच्या खांद्यावर कायम एका पारदर्शक नळीचं वेटोळं असतं. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन भिंतींना लावायची, आणि दोन्हीकडे पाणी जिथं थांबेल तिथं खूण करायची. तीच लेव्हल. त्या नळीवरून नाव पडलं.

आणि मोरीचा उतार हा तर तिचा जीव की प्राण. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी आधी मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठं पळतं ते बघणार. लेकीच्या सासरी पहिल्या भेटीला गेली तेव्हाही तिनं हेच केलं. “विहीणबाई, तुमचा उतार उलटा आहे,” म्हणाली. सोयरीक तरीही जमली. कशी जमली ते विचारू नका, विहीणबाई अजून त्या मोरीत पाय जपून टाकतात.

तर लेक आणि जावई लग्नानंतर नऊ वर्षं शहरात राहिले. एका छापखान्याच्या वर भाड्याच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर कपबशा नाचायच्या. मावशीनं ठरवलं, हिला घर बांधून द्यायचं, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या हातून नाही. सुट्टीच्या दिवशी विटांचा एकेक रद्दा चढवत दोन वर्षांत तिनं ते उभं केलं, आणि लेक-जावई राहायला आले. तीन खोल्या, मागे ओटी, ओटीवरून अख्खी उतरण दिसते. जागा तेवढी गावाच्या वरच्या अंगाला मिळाली, आणि खाली दोनशे पावलांवर साऱ्या आळीची विहीर.

त्या विहिरीनं तीन वर्षांपूर्वी गावाला घाम फोडला होता. वरच्या घरांच्या शोषखड्ड्यांतलं सांडपाणी जमिनीतून झिरपत विहिरीला जाऊन मिळालं आणि पाण्यात नायट्रेट वाढलं. मोठ्यांना काही जाणवलं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं, तान्ह्या लेकराच्या दुधात हे पाणी घालू नका, लेकरू निळं पडेल. तेव्हापासून ऑफिसचा नियम आला. विहिरीच्या वर नवं घर बांधायचं तर सांडपाणी दोन गाळणवाफ्यांतून गेलं पाहिजे, आणि तीन नमुन्यांतला एक तरी पास झाला पाहिजे. तिन्ही नापास झाले तर घरातून निघणाऱ्या पाइपाला सील. मोरी बंद, संडास बंद. अशा घरात माणसानं राहायचं कसं? म्हणजे पुन्हा छापखान्यावरच्या खोल्या.

लेक तोंडानं काही बोलली नाही. पण तिनं जुन्या घरमालकाला फोन करून खोल्या अजून रिकाम्या आहेत का, ते विचारून ठेवलं होतं. मावशीच्या कानावर ते आलं, आणि आलंच नाही असं तिनं दाखवलं.

गाळणवाफे म्हणजे तसं काही जगावेगळं नाही. भाजीच्या वाफ्यासारखेच दोन वाफे, फक्त कमरेएवढे खोल, तळाला प्लास्टिकचं अस्तर, मातीऐवजी वाळू आणि खडी, आणि वर पाणकणसांची रोपं लावलेली. सेप्टिक टाकीतून आलेलं पाणी पहिल्या वाफ्यात वरून पडतं आणि खाली झिरपतं. तिथून दुसऱ्या वाफ्यात जातं, आडवं सरकत पलीकडच्या टोकाला पोचतं आणि चेंबरात निघतं. ना मोटर, ना औषध, ना विजेचं बिल. मावशीनं ते बांधले तेव्हा अस्तराला एक चुणी पडू दिली नव्हती.

बाटलीवाली बाई गेली आणि मावशीनं फावडं उचललं. तिची खात्री झाली होती की कुठंतरी गळती आहे, टाकीतलं घाण पाणी वाफे चुकवून परस्पर चेंबरात येतंय. दिवसभर ती कडेकडेनं उकरत राहिली. अस्तर धड, सांधे धड, टाकीभोवतीची माती कोरडी ठणठणीत. संध्याकाळी कोपरापर्यंत चिखलानं भरलेली ती आपल्या घरी येऊन पायरीवर बसली. नवरा उशीला पाठ टेकून बसला होता. पाठ गेल्यापासून तो हातानं काही बांधत नाही, तोंडानं सगळ्या गावाची घरं बांधतो.

“सापडलं का भोक?” त्यानं विचारलं.

“तुम्ही गप्प बसा.”

“मी काय म्हणतो, नकाशा तरी बघितलास का?”

“तोंडपाठ आहे मला.”

“मला नाही ना. दे इकडे, चष्मा पण दे.”

नकाशा घडीघडीला फाटायला आला होता. नवऱ्यानं तो मांडीवर पसरला आणि बोट फिरवत फिरवत दुसऱ्या वाफ्याच्या शेवटापर्यंत आला. तिथं बोट थांबलं.

“अगं, हा बाहेर जायचा पाइप असा वर तोंड करून का उभा आहे? एल्बो लावून पार इथवर चढवलाय. खडीच्या खाली एक वीतभर.”

“ते नकाशा काढणाऱ्या पोरानं चुकवलंय. ऑफिसात बसून रेघा मारतात, यांना काय माहीत. पाइप वर चढवला तर अख्खा वाफा तुंबेल की.”

“मग तू काय केलंस?”

“सरळ केला. तळाशी, चांगला उतार देऊन. थेंब राहत नाही आत.”

ज्या माणसाला स्वयंपाकघरातल्या फडताळावरसुद्धा मत आहे, त्यानं नुसता नकाशा तिच्याकडे फिरवला. मावशीनं त्याच्याकडे बघितलं. मग नकाशाकडे बघितलं. त्या उभ्या पाइपाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाण्याची पातळी’, आणि खाली तुटक रेघ अख्ख्या वाफ्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. लेव्हलची रेघ! जन्मभर दुसऱ्यांना लेव्हल दाखवणाऱ्या बाईला तीच नेमकी दिसली नव्हती.

“आई गं,” ती म्हणाली, आणि चिखलाचा हात तसाच कपाळाला लावला.

आता खरा पेच पडला. गुपचूप पाइप बदलता आला असता. कुणाला कळलं नसतं. पण नुसता पाइप बदलून भागेल का, की आणखी काही बिघडलंय, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि हातात नमुना एकच. सांगावं तर भीती अशी, की नकाशा मोडला म्हणून ऑफिस तिसरा नमुना न घेताच सील ठोकेल. नवरा म्हणाला, फोन कर. ती म्हणाली, फोनवर माझ्याच्यानं नाही होणार. “माझं चुकलं” हे दोन शब्द तिनं कामाच्या बाबतीत कधी उच्चारलेच नव्हते, आणि पहिल्यांदा उच्चारायचे तर समोरच्याच्या तोंडाकडे बघून, म्हणजे ते किती बिघडलंय ते तरी कळेल.

सकाळच्या पहिल्या बसनं ती गेली. लेकीला बरोबर घेतलं, कारण घर लेकीचं. वाटेत बसमध्येच तिला सांगून टाकलं. लेकीनं सगळं ऐकलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि खांदे हलायला लागले. मावशीला वाटलं, रडतेय.

“रडू नकोस गं. बघू काहीतरी.”

“रडत नाहीये, आई,” लेक पदरानं डोळे पुसत म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “मला वाटलं होतं जमीनच वाईट आहे. काही इलाजच नाही. आणि निघाला काय, तर तुझा उतार!”

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर बाटल्याच बाटल्या. बाटलीवाली बाई डबा उघडून बसली होती. मावशी तिच्यासमोर उभी राहिली, बसली नाही.

“नकाशाप्रमाणे केलं म्हणाले होते ना, तसं नाही केलं. दुसऱ्या वाफ्याचा पाइप मी तळाशी टाकलाय. पाणी थांबू नये म्हणून. माझं चुकलं.”

बाईनं घास तसाच ठेवला.

“म्हणजे दुसऱ्या वाफ्यात पाणी नाहीच?”

“तळाला ओल असेल तेवढीच. वरची खडी कोरडी.”

“अहो मावशी!” बाईनं कपाळावर हात मारला, पण चेहरा उजळला होता. “दोन महिने झाले, मला कळेना की तुमचा पहिला वाफा इतका झकास चालतोय आणि दुसरा संपावर का गेलाय. बसा. बसा आधी. तुम्ही पण बसा ताई.”

मग तिनं डब्याच्या झाकणावर बोटानं दोन चौकोन काढून समजावलं. पहिल्या वाफ्याला श्वास लागतो. पाणी पडतं, झिरपून जातं, मध्ये हवा शिरते. त्या हवेवर तिथले जंतू संडास-मोरीतला झोंबरा अमोनिया खाऊन त्याचं नायट्रेट करतात. म्हणून वास जातो, पाणी काचेसारखं होतं. पण नायट्रोजन गेलेला नसतो, नुसते कपडे बदलून बसलेला असतो. त्याला घालवायचा तर दुसऱ्या वाफ्यात हवा मिळता कामा नये. सगळी खडी पाण्यात बुडलेली हवी. तिथल्या जंतूंना श्वासाला काही मिळालं नाही की ते नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतात, आणि उरलेला नायट्रोजन हवेत उडून जातो. “आपण आत्ता घेतोय ना श्वास, त्यात तोच तर भरलेला आहे. हवेत असला तर कुणाला त्रास नाही.”

“म्हणजे पाणी तुंबवायचं,” मावशी म्हणाली. “मुद्दाम.”

“मुद्दाम. आणि एक राहिलं. त्या जंतूंना खायलाही लागतं. पहिल्या वाफ्यात सगळं खाऊन झालेलं असतं, दुसऱ्यात उपास पडतो. लाकडाचे तुकडे मिसळा खडीत. रंग, पॉलिश, डिंक लागलेलं नको. साधं लाकूड. पाणी शिरतं त्या बाजूच्या एक तृतीयांश भागात पुरे.”

“आणि सील?”

“सील कशाला? दुरुस्ती लिहिते मी. दोन महिने घ्या, मग तिसरा नमुना.” तिनं कागद ओढला आणि लिहिता लिहिता म्हणाली, “आधी बोलला असतात तर माझ्या दोन चकरा वाचल्या असत्या. ती चढण चढून धाप लागते हो मला.”

मावशीचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन तिनं बसथांब्यावर लागोपाठ दोन चहा घेतले, आणि दुसऱ्याच्या वेळी लेकीलाही प्यायला लावला. आकडा अजून एक्कावन्नच होता. पण काय बिघडलंय हे कळलं होतं, आणि ज्याला हात लावता येतो ते मावशीला कधीच अवघड वाटत नाही.

अवघड गेलं ते स्वतःचंच सिमेंट. तळातल्या पाइपाभोवती तिनं असं काही काँक्रीट ओतलं होतं की छिन्नी उडून परत यायची. चाळीस वर्षांत स्वतःचं काम तिनं पहिल्यांदाच फोडलं. दुपारपर्यंत हाताला फोड आले, आणि ती खड्ड्यात उभी राहून ओरडली, “कुठल्या मेलीनं ओतलाय हा एवढा माल?” वरून जावयानं आत वाकून बघितलं आणि तो शहाणपणानं दुसरी छिन्नी आणायला गेला.

लाकडासाठी सुताराकडे जावं लागलं. सुतार म्हणजे नवऱ्याचा जुना दोस्त, आणि मावशीचा जुना वैरी. जिथं दोघं एका घरात काम करायचे तिथं याचा भुसा उडून हिच्या ओल्या प्लास्टरला चिकटायचा, आणि मग जी जुगलबंदी चालायची ती ऐकायला शेजारी गोळा व्हायचे.

“भावजी, लाकडाचे तुकडे हवेत. बोटाएवढे. दहा पोती.”

“वहिनी, उन्हात जास्त वेळ उभ्या होतात का?”

“थट्टा नको.”

“तीस वर्षं माझ्या भुशाला शिव्या घातल्यात. आता दहा पोती न्यायला आलात. मला जरा हे पुन्हा ऐकायचंय.”

“दहा पोती. पॉलिश नसलेली.”

“आणि कशाला म्हणे?”

“जंतूंना खायला घालायचंय.”

सुतार इतका हसला की त्याला रंध्यावर हात टेकावा लागला. पण पोती दिली, आणि स्वतः निवडून दिली, प्लायचा एक कपटा आत जाऊ दिला नाही. वाफ्यावर येऊन खडीत तुकडे मिसळायलाही बसला. मधूनमधून म्हणत होता, “वहिनी, लेव्हल बरोबर आहे ना?” तिनं दरवेळी त्याच्याकडे बघणं टाळलं.

नवा पाइप उभा राहिला. मावशीनं खांद्यावरची नळी काढली, नकाशातल्या तुटक रेघेची उंची चारी कोपऱ्यांत मारली, आणि दुसरा वाफा हळूहळू भरू दिला. पाणी खडीच्या खाली वीतभर येऊन थांबलं. वरून काहीच दिसत नव्हतं, डास बसायलाही ओल नाही. पण काठी खुपसली की डुबुक असा आवाज यायचा, आणि ती काठी झटकन बाहेर ओढायची. तुंबलेलं पाणी, आपल्या हातानं केलेलं, लेकीच्या दारात! पहिले आठ दिवस ती काही ना काही निमित्त काढून तिथं चक्कर मारायची.

दहाव्या दिवशी चेंबरातून चहासारखं तपकिरी पाणी आलं. आधी नापास झालेलं पाणी काचेसारखं, आणि आता हे! ती तडक बाटलीवालीला फोन लावून बसली. या वेळी फोन जमला.

“लाकडाचा रंग आहे, मावशी. पहिले काही दिवस सुटतो. येऊ द्या.”

“पण दिसतंय किती वाईट!”

“दिसण्यावर जाऊ नका. मागच्या वेळी दिसण्यावरच गेलो होतो आपण.”

पाणकणसं मात्र फोफावली. आधी गुडघ्याएवढी मरगळलेली होती, ती सहा आठवड्यांत मावशीच्या खांद्याला लागली. तपकिरी रंग फिका होत गेला. आठव्या आठवड्यात बाई धापा टाकत चढण चढून आली, चेंबरात वाकून बाटली भरली, उतरण उतरून गेली. निकालाला चार दिवस लागणार होते.

चौथ्या दिवशी मावशी शाळेच्या कुंपणभिंतीच्या कामावर होती. परांचीवर उभी राहून वरच्या पट्टीला प्लास्टर मारत होती. खालून लेकीचा आवाज आला.

“आई, उतर खाली.”

“माल आळतोय. तिथूनच बोल.”

“बाई आल्या होत्या घरी.”

थापी हवेतच थांबली. मावशीनं मागे वळून बघितलं नाही. “किती?”

“अकरा.”

“नीट सांग.”

“अकरा, आई! एकावर एक. विसाच्या आत हवं होतं ना? अकरा आलेत. कागद आणलाय मी, हा बघ, शिक्का पण आहे.”

मावशी खाली उतरली. कशी उतरली ते तिला आठवत नाही, एरवी ती पायाखालची फळी मोजून टाकते. वाळूच्या ढिगावर बसली आणि कागद हातात घेतला. अकराचा आकडा बघितला, मग खालची सही बघितली, मग पुन्हा आकडा. बोटांच्या सिमेंटनं कागदाला कडेला डाग पडला. लेक शेजारी बसली. दोघी काही वेळ वाळूतले खडे उचलून दुसरीकडे टाकत राहिल्या.

“सुटलो गं बाई,” मावशी म्हणाली.

“सुटलो.”

“आता बाबांना सांग जा. ते सकाळपासून चष्मा लावून बसलेत.”

“सांगितलं फोनवर. म्हणाले, एल्बो मीच शोधला, हे कागदात लिहिलंय का ते बघ.”

मावशी अशी हसली की वाळूचा ढीग एका बाजूनं घसरला. मग लेकीनं घसा खाकरला.

“आई, एक सांगू? राग येऊ देऊ नकोस.”

“बोल.”

“स्वयंपाकाचा ओटा दोन इंच उंच झालाय. पोळपाट ठेवला की खांदे भरून येतात. आणि मधल्या खोलीचं दार उघडलं की दिव्याच्या बटणावर आपटतं. आणि न्हाणीत एक कोनाडा हवा, साबण ठेवायला जागाच नाही. आणि मागची खिडकी...”

“थांब थांब. इतके महिने मुकी होतीस ती?”

“राहायचंच नक्की नव्हतं. मग कशाला बोलायचं?”

मावशीनं लेकीकडे नीट बघितलं. त्या घरात गेल्यापासून लेकीनं कशालाही नाव ठेवलं नव्हतं. पाहुण्यासारखी सगळ्याला छान छान म्हणत होती, आणि मावशीला ते कौतुकच वाटलं होतं. आज पहिल्यांदा ती आपल्या घराला नावं ठेवत होती, घरमालकिणीसारखी, बोटं मोजत.

“खिडकीचं काय?”

“लावताना बोट चिमटतं तिच्यात.”

“ती सुताराची चूक. त्याला मी बघते.” मावशी उठली, लुगड्याची वाळू झटकली. “ओट्याचं सुट्टीच्या दिवशी करू. दोन इंच म्हणतेस ना? दीड निघेल, मी सांगते. पोळपाट काढून ठेव, मोजूनच घेऊ.”

“दोनच आहे.”

“दीड.”

लेक कागद जपून घडी करून निघाली. मावशीनं परांचीखालचं घमेलं बघितलं. माल वरून आळून पांढरा पडायला लागला होता. तिनं त्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं, थापीनं खालवर केला, घमेलं वर ठेवलं, आणि फळीवर पाय टाकून अर्धी राहिलेली पट्टी पुन्हा हातात घेतली.